वीस मीटर, चौदा सेंटीमीटर

आधी माझा जीव यागीवर होता.
जोतिबाच्या सासनकाठीगत उंच खांब,
वर आडव्या दांड्या, गल्लीनं मान वर करून बघावं.
दस्तगीरचाचा म्हणाले, चाळीस मीटरला यागी?
मग हुपरीकरांचं छप्परही विकत घे,
आणि त्यांच्या पलीकडचं.

चाचा उद्यमनगरात मोटरी रिवाइंड करतात.
दुकानाच्या पाटीवर अजून जुन्या मालकाचं नाव.
चुरमुऱ्याच्या कागदावर त्यांनी गणित मांडलं:
एकशे त्रेचाळीस भागिले सात पूर्णांक एक.
वीस मीटर, चौदा सेंटीमीटर. मधोमध तोड.
"आणि वीतभर जास्तच ठेव.
कापलेली तार वाढत नाही, बाबा."

तार जळक्या पंपातली.
फेराइटच्या कड्यावर बालनचे वेढे
बोलता बोलता घातले, मोजायची गरज बोटांनाच नव्हती.
टाकीच्या पायपाला कप्पी, तिथून दोन उतरते हात,
एक शेवग्याला, एक हुपरीकरांच्या कठड्याला.
परवानगीचं मोल, एक डबा काकवी.

पहिलं माप: सुई तीनवर.
म्हणजे पाठवतोय त्यातलं पाव
माझ्याच अंगावर परत.
चार बोटं कापली. अडीच.
पुन्हा चार. एक पूर्णांक आठ.
मी पुन्हा पक्कड उचलली तसं चाचांनी मनगट धरलं.
दोन बोटं. चहा. मग दोन बोटं.
एक पूर्णांक दोन.
ट्यूनरनंही सुई खाली येते, म्हणाले,
पण ती रेडिओची समजूत काढणं झालं.
तार तिथं वर होती तशीच.

रात्री साडेदहाला लेथं थांबली,
बँडवरची खरखर बसली,
आणि जोरहाटहून एक बाई, स्वच्छ,
विचारत होत्या, यागी आहे का?

मग आठवडाभर रोज सकाळी सुई पुन्हा तीनवर.
बालन उघडला. केबल बदलली. सोल्डर नव्यानं मारलं.
शेवटी गच्चीवर गेलो तर
कठड्याकडच्या हातावर, चिमटे लावून,
हुपरीकर काकूंची ओली नऊवारी
आणि नातवाची चड्डी.
"सकाळची रिकामीच असती की रं तार," काकू म्हणाल्या.

चाचांना सांगितलं. हसले नाहीत.
स्टेटरमधून मान वर काढून विचारलं,
"वाळल्यावर मोजलंस का?"