घट

वेंगुर्ल्याच्या सुक्या बाजारात, मिठानं खरवडलेल्या फळीवर
शेवंती मोंडकर ज्यानं खारे बांगडे तोलत होती
ते वजन नव्हतं. तोफेचा गोळा होता.

मी वैधमापन निरीक्षक. अशा वस्तूंसाठी
माझ्याकडे छापील नमुना असतो, तीन प्रतींत.
शिपाई रेडकरनं कार्बन घातला.

उत्पादकाचे नाव?
वलंदेज असतील. त्यांची वखार बंदरावर अजून उभी आहे,
छप्पर नाही, पोटात वडाची मुळं.
नाहीतर फिरंगी. नाहीतर इंग्रज.
किंवा आपल्याच कुणी त्यांच्यावर डागलेला,
आणि मग परत मागायला न आलेला.
रकाना कोरा ठेवला.

"माझ्या सासयेच्या सासयेक रेवेत गावललो," ती म्हणाली.
"आधी चार शेराचो हुतो.
सरकारान किलो हाडले, तसो चार किलोचो झालो."

काट्यावर चढवला. तीन किलो आठशे साठ.
घट : एकशे चाळीस ग्रॅम.
कारण : गंज.

रेडकर लिहीत होता तोवर मी वखारीकडे बघत राहिलो.
आधी मिरी मागतात, गोडीनं, रोख पैशानं.
मग मिरी ठेवायला खोली. खोलीला कुलूप.
कुलपाला पहारा. पहारेकऱ्याला पगार लागतो,
पगाराला आणखी मिरी.
एक दिवस खिडक्या बुजवून जंग्या पाडतात
आणि समोरच्या गलबताला विचारतात, परवाना कुठाय?
शेवटी नुसता पहारा उरतो.
मिरी केव्हाच दुसऱ्या बंदरातून जायला लागलेली असते.

तिचा मोबाइल वाजला. झील, गुरुनाथ, टँकरवर फिटर,
सामुद्रधुनीच्या तोंडाशी एकवीस दिवस नांगरावर.
हात खारे, म्हणून तिनं स्पीकर लावला.
इकडे एका देशाच्या लढाऊ बोटी, तो सांगत होता,
म्हाताऱ्या, रंगाचे पोपडे निघालेल्या, रात्री-अपरात्री भोंगा देतात.
पलीकडचं बंदर दुसऱ्यानं घेतलंय, नव्याण्णव वर्षांच्या करारानं.
परवापर्यंत तिथं क्रेनच होत्या.
आज क्रेनच्या सावलीत काहीतरी लांबट
ताडपत्रीखाली झाकून ठेवलंय.

"जेवलंस मां?" तिनं विचारलं.
"पाणी मोजून देतत," तो म्हणाला, आणि आवाज तुटला.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. तिनं गोळ्यानं तोललं,
आणि न बघता वर दोन बांगडे टाकले.
ते दोन मी उचलून काट्यावर ठेवले.
एकशे नव्वद ग्रॅम.
नमुन्यात याला रकाना नाही.
मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं :
सदर विक्रेती गोळ्याची झीज गेली अडतीस वर्षं
स्वतःच्या मालातून भरून देत आहे,
झिजला त्याहून जास्त.
मग खोडलं.
तिन्ही प्रती खोडायला वेळ लागला.

गोळा जप्त केला, पावती दिली.
आता तो आमच्या कार्यालयात
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दाराशी असतो.
फरशीवर तांबूस कडं उमटलंय, पुसून जात नाही.

महिन्यानं गेलो तर फळीवर नवी वजनं,
शिक्क्याची, दोन आणि दोन.
तिनं तोललं. काटा सरळ उभा राहिला.
वर दोन बांगडे.

"आता कसली भर, शेवंतीबाई?"
"नव्याक गंज येवक कितकोसो येळ, सायबा?"

मी एक किलो घेतले, पैसे पूर्ण मोजले.
पिशवी घरी नेऊन तोलली नाही.
गुरुनाथची बोट सुटली का,
ते विचारायचं राहून गेलं.