सूतभर

तिबिलिसी, एलियावा बाजार, पत्र्याच्या गाळ्यांची चौथी रांग.
बोटं बधिर होतात, तरी हातमोजे घालत नाही मी.
कार्बन ब्रश चिमटीतच कळतो.

नातेलानं पिठाच्या पिशवीतून ड्रिल काढलं:
हिरवं, जड, अंगावरची रशियन अक्षरं पुसट.
"बंद पडलंय," म्हणाली.
"पुढचा बिट मात्र काढू नका."

का, ते विचारलं नाही.
टोपण फिरवलं. कोळसा नखाएवढा उरलेला,
स्प्रिंग जळून निळी.
हे बनवणारा कारखाना कधीच मिटला,
तिथं आता लग्नं लागतात म्हणे.

व्हर्निअर लावला, आकडा तळहातावर लिहिला
आणि बिस्किटांचे डबे उपडे केले.
जपानी लांब. चिनी अरुंद, आत खुळखुळतो.
शेवटी एका पोलिश ग्राइंडरची जोडी,
जायला तयार, पण सूतभर अडते.

"पोलिश?" ती पहिल्यांदा हसली.
"गुरामही तिकडेच आहे. दोन हिवाळे."

काचेवर पॉलिश पेपर पसरला,
घासलं, फुंकलं, बसवून पाहिलं,
परत घासलं.
माझा चहा साईसकट गार झाला.

मग प्लग लावला, घोडा दाबला.
आत निळी ठिणगी गोल धावली,
मशीन खोकलं, सुरू झालं,
आणि बिटच्या पिळांमधून
कुठल्यातरी भिंतीचा पांढरा चुना
भुरभुर उडाला.

"बंद करा," ती ओरडली, "बंद करा हो!"

मी बोट उचललं.
ती काउंटरवरून तळहात फिरवत राहिली.
दीड लारी सुटे द्यायचे होते,
ते माझ्याच मुठीत राहिले.