हातचे तीन

कोर्टाच्या तळघरातलं मायक्रोफिल्मचं यंत्र
एका अंगाला तापतं. डार्लीन त्याच्यावर
ओले हातमोजे वाळत घालते
आणि म्हणते, नडले तर सरकव खुशाल.
बाहेर उणे सव्वीस. नॉर्थ डकोटात या दिवसांत
मेलेल्यांचीच विचारपूस करणं परवडतं.

पणजीचं नाव बोटिल्डा. बाप यॉन्स,
म्हणून ती यॉन्सडॉटर.
स्कोनेच्या पाद्र्यानं घरोघर फिरून भरलेल्या वहीत
तिच्यापुढे शेरा आहे :
वाचन बरं. समज बेताची. देवी टोचलेल्या.
शेवटच्या रकान्यात एकच शब्द, अमेरिका,
आणि नावावरून आडवी रेघ,
मेलेल्यांच्या नावावर मारतात तशीच.

गोथेनबर्गच्या पोलिसांच्या यादीत ती एकोणीस वर्षांची,
हल बंदरात उतरलेल्यांत एकवीस,
न्यूयॉर्कात परत एकोणीस.
समुद्रावर दोन वर्षं जास्तीची जगली असेल,
मी मानून घेते.

नवरा ट्रुल्स ओकेसन.
जमिनीच्या दाखल्यावर ओकसन,
करवसुलीच्या वहीत ऑक्सन, म्हणजे बैलच झाला.
ती चूक अकरा वर्षं कुणी दुरुस्त केली नाही.
कर मात्र वेळेवर.

१८९०ची जनगणना वॉशिंग्टनात जळाली.
मग एकदम १९००, जून महिना.
मोजणीदार क्विगली, अक्षर वाऱ्यानं लवलेल्या गव्हासारखं.
आई किती मुलांची : सात.
त्यांपैकी हयात : चार.
खाली चौघांची नावं :
हुल्डा अकरा, आल्गोट आठ,
सेल्मा तीन, टुरे पाच महिन्यांचा.

हुल्डा म्हणजे माझी आजी.
तिला भावंडं विचारली की ती म्हणायची, आम्ही चौघं,
आणि लगेच कुणाला तरी कॉफी हवी का विचारायची.
सात हा आकडा आमच्या घरात
मी पहिल्यांदा या तळघरात ऐकला,
तोही माझ्याच तोंडून.

सातातून चार गेले. हातचे तीन.
आता ते कशात मिळवायचे?

चर्चच्या खजिनदाराची वही सापडली,
मेणबत्त्या, खिळे, ऑर्गन दुरुस्तीच्या मध्ये :
ऑक्सनसाठी फळ्या, चाळीस सेंट.
नऊ दिवसांनी पुन्हा, ऑक्सनसाठी फळ्या,
पस्तीस सेंट.
पाच सेंट कमी का, ते लिहिलेलं नाही.
नावं नाहीत. तिसऱ्याच्या फळ्या कुठेच नाहीत;
ट्रुल्सनं घरच्याच वापरल्या असतील,
किंवा तेवढ्या लागल्या नसतील.

मी फिल्म मागे फिरवली ती नुसतीच,
आणि नजर उजवीकडच्या रकान्यावर गेली.
इंग्रजी बोलता येतं का?
बोटिल्डा : नाही.
हुल्डा : होय.
ट्रुल्सचंही होय, पण तो जूनमध्ये दिवसाउजेडी
घरात कशाला असेल?

म्हणजे दारात क्विगली, आत आई,
आणि मध्ये उंबऱ्यावर अकरा वर्षांची पोर.
प्रश्न तिनंच आईला सांगितला असणार,
घरच्या भाषेत, घरातल्या शब्दांत :
हा विचारतोय, तुला झाली किती.

स्वीडिशमध्ये सात म्हणताना
ओठांचा चंबू होतो आणि गरम चमच्यावर मारतात
तशी फुंकर निघते.
मला ती भाषा येत नाही. तेवढा एक शब्द
मी गाडीत काचा लावून म्हणून पाहिलाय.
त्या फुंकरीचं हुल्डानं इंग्रजी केलं.
क्विगलीनं शाईत बुडवून लिहिलं.
मग त्यानं पुढचा प्रश्न विचारला,
आणि तिला परत आईकडे वळावं लागलं.

साडेचारला बंद, डार्लीन आठवण करते.
हातमोजे वाळलेत, बोटं वर करून ताठ.
प्रत पंचवीस सेंटला एक.
पहिल्या प्रतीत कडेचा रकाना कापला जातो,
नेमका तोच.
परत काढ, मी म्हणते.