तीनशे किलो

हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी
कागदावर लिहून दिलं : वजन उचलू नये.
कशाकशाचं, ते लिहिलं नव्हतं.
म्हणून दिवाळीपासून आमच्या गॅरेजचं शटर
हेमलता उचलते
आणि मी बाजूला उभा राहतो
तिची पर्स धरून.

समोरचे मगदूम सर नेमकं त्याच वेळी
जास्वंदीला पाणी घालतात.

शेवटी माधवनगर रोडला गेलो, उपाध्यांच्या दुकानात.
यार्डात गुळाच्या ढेपा लावाव्यात
तशा मोटरी लावलेल्या.
किती बाय किती? दहा बाय आठ.
पट्ट्या बऱ्या आहेत का?
खालच्या फूटभर गंजल्यात.
"कुठल्या पुराचा गंज?"
सांगलीत हे असंच विचारतात,
मुलगा कितवीत आहे विचारावं तसं.
"एकोणीसचा."
"मग बदलाव्याच लागतील. एकवीसचा असता
तर रंगावर भागलं असतं."

मोटर आतली घ्यायची की बाजूची?
आतली पाइपात बसते, दिसत नाही, आवाज नाही,
बिघडली की अख्खं शटर उतरवायचं.
बाजूची डोळ्यांसमोर असते, कुरकुरते,
पण हाताशी येते.
मी शर्टावरून पोटाला हात लावला
आणि म्हणालो, बाजूची.

"तीनशे किलो उचलते," तो म्हणाला,
"आणि मोबाइलवरनं चालते.
तुम्ही दुबईत असा, शटर इथं उघडेल."
"आम्ही दुबईत असताना ते कशाला उघडायचं?"
हेमलतानं विचारलं.
मग तिचा एकच प्रश्न : लाईट गेल्यावर?

त्यानं मोटरीच्या पोटातनं साखळी काढून दाखवली.
"हातानं ओढायची. बाईमाणसालाही..."
वाक्य तिथंच राहिलं,
कारण तोवर तिनं नमुन्याचं शटर
वरपर्यंत नेलं होतं.
नऊ ओढी. मी मोजल्या.

बसवायची किती उंचीवर?
आयर्विनला पन्नास झाले की तुमच्याकडं कुठवर?
तिनं स्वतःच्या खांद्यावर आडवा हात ठेवला : इथवर.
त्या रात्री पाणी घोट्याला होतं तेव्हाच
गाडी काढायला गेलो आम्ही,
शटर चिखलात रुतलेलं,
चार हात पट्टीखाली.
एक, दोन, तीन म्हणायचं ठरलं होतं,
पण ती दोनलाच जोर लावते.
लग्नापासून लावते.
गाडी निघाली.
ते मी उचललेलं शेवटचं वजन नव्हतं,
पण दोघांनी मिळून उचललेलं बहुतेक तेच.

एकवीस हजार पाचशे, बसवणावळ वेगळी.

शनिवारी मिरजेहून अल्ताफ आला.
स्प्रिंगला टिचकी मारून कान लावायचा,
पुन्हा आवळायचा, पुन्हा कान.
"वर कुठं थांबायचं, खाली कुठं थांबायचं,
हे हिला शिकवावं लागतं काका,
नाहीतर ती ओढतच राहते."
स्टुलावर चढून खूण केली त्यानं,
भिंतीवरच्या पुराच्या रेषेच्या
दोन वीत वर.

मग मी बटण दाबलं.
शटर गेलं वर, कुणाचीही कंबर न वाकवता.
मगदूम सरांच्या हातातला पाइप
जास्वंदी सोडून रस्त्यावर वाहत होता.
माझा हात सवयीनं पुढं झाला,
पण पर्स तिच्या खांद्यावरच होती
आणि ती गाडीत बसलेली,
आरसा नीट करत.

शटर ओढायची जुनी लोखंडी आकडी
मी भंगारवाल्यासाठी गेटपाशी ठेवली होती.
संध्याकाळी बघतो तर जागेवर नाही.
परसात शेवग्याखाली हेमलता,
आकडी उंच धरून, टाचा उचललेल्या,
शेंड्याच्या शेंगांवर डोळा.

मागं न बघताच म्हणाली,
"उभे काय राहिलात?
पिशवी धरा."