पाच यार्ड

यंग्जटाउन, ओहायो. गुरुवार, सकाळचे नऊ.
माझ्या क्लिनिकात दोन खाटा, मधे एक पडदा.
तो ओढायचा नाही, असा दोघांचा हुकूम.

खिडकीकडे अलॉन्झो पेटिग्रू, सत्त्याहत्तर,
डावा खुबा नवा, धातूचा.
एकोणसत्तर साली पोलादाच्या भट्टीवर रात्रपाळी
आणि रविवारी कॉर्नरबॅक,
सामन्यामागे चाळीस डॉलर, जर्सी घरी धुवायची.

दाराकडे मार्क्वेल स्टब्स, पंचेचाळीस, रिसीव्हर.
टाचेमागची शीर तुटली,
पळताना नव्हे,
गॅरेजची पायरी उतरताना.

"तुमच्या काळात पळत होतं कोण, अलॉन्झो?
पोस्टमन. आणि त्याच्यामागे कुत्रं."

म्हातारा छताकडे बघत सांगतो,
"आमच्या काळात तू पळालाच नसतास.
सुटलास की छातीवर माझे दोन तळवे,
दहा यार्डांवर खांदा, वीसवर कोपर,
चेंडू हवेत जाईपर्यंत तू माझाच.
मग कुणीतरी टाय लावून नियम केला :
पाच यार्डांपुढं हात लावायचा नाही.
पाच यार्ड!
एवढ्यात तर माझी बायको दार लावून घ्यायची."

"चाळीस यार्ड, चार पूर्णांक तीस सेकंद," मार्क्वेल म्हणतो.
"कुणाच्या घड्याळावर?"
"आमच्या कोचच्या."
"त्याच्या अंगठ्याला संधिवात होता, मार्क्वेल. साऱ्या गावाला ठाऊक आहे.
सुरुवातीला उशिरा दाबायचा, शेवटी घाईनं."
मग थोडं थांबून,
"माझी वेळ कुणी घेतलीच नाही.
तिथं चिखल होता, घोट्यापर्यंत,
आणि सुती जर्सी भिजली की पाच पौंड."
(तो पौंडात सांगतो, मी मनात शेरात ऐकते.)

मी मिरजेची.
माझे वडील आट्यापाट्या खेळत, पाटी धरून.
म्हणत, समोरच्याच्या डोळ्यांत बघू नये,
डोळे हूल देतात, खांदेही देतात.
कमरेकडे बघ.
कंबर जिकडे, माणूस तिकडे.
हेच शब्द, जवळजवळ हेच,
पेटिग्रूनं मला इंग्रजीत सांगितले
पट्टा बांधून पाय वर टांगलेला असताना,
आणि मी त्याचा खुबा वळवत होते
चाळीस अंशांपर्यंत. पुढे जात नव्हता.

आज दहा मीटर चालण्याची चाचणी.
फरशीवर निळी चिकटपट्टी, माझ्या हातात घड्याळ.
"दोघं एकदम," मार्क्वेल म्हणाला.
नियमात बसत नाही.
बसवलं.

म्हातारा रेषेवर वाकून उभा राहिला,
बोटं जमिनीला टेकत नव्हती, तरी वाकला.
मार्क्वेलनं उजवीकडे हूल दिली,
एका बुटाची, वितभर.
पेटिग्रू हलला नाही. कमरेकडे बघत होता.

मग दोघं निघाले.
पहिले पाच यार्ड कुणी कुणाला शिवलं नाही.
आठव्यावर म्हाताऱ्याचा डावा पाय अडखळला
आणि हात आपोआप गेला,
पन्नास वर्षांपूर्वीचा, कोपराच्या वर, घट्ट.
मार्क्वेलनं त्या हाताकडे पाहिलं.
"पंच दुसरीकडे बघतोय," म्हणाला,
आणि वेग कमी केला.

घड्याळ दाबायचं मी विसरले.
फॉर्मवर वेळेचा रकाना मोकळा आहे.
सहाय्य : एक माणूस.
दोघांच्याही कागदावर तेच लिहिलं.

बाहेर पार्किंगमध्ये बर्फावर खडेमीठ टाकलेलं.
काचेतून दिसलं,
मार्क्वेल म्हाताऱ्याच्या पुढे उलटा चालत होता,
तोंड त्याच्याकडे, गुडघे किंचित वाकलेले,
दोन्ही हात पसरून,
तो जिकडे कलेल तिकडे.

मी काचेवर टकटक केली.
उलटं चालायला त्याला अजून दोन आठवडे मनाई आहे.