पुढची खाच

दोन सीटा त्याने आणल्या बटाट्याच्या पोत्यांत गुंडाळून.
रोलंड प्रॉसर, वय बहात्तर, दारातच उभा.
म्हणाला, गाडी वडिलांची होती.
ह्या तिच्याच का, एवढंच सांगा.
चाळीस वर्षं ह्या खुराड्याच्या माळ्यावर,
आणि गाडी तीन मैलांवर चुलत्याच्या कोठारात.
कोण कुणाचं, सांगणारं आता कुणी नाही.

लडलोतलं सगळं उसवलेलं माझ्याकडेच येतं.
कातडं खोटं बोलत नाही, म्हणायचे माझे गुरू.
ते स्वतः बिलात बोलायचे.

आधी वास घेतला.
कोंबड्या, ओल, त्याखाली कुठेतरी अजून कातडं.
मग शिवणीच्या पट्ट्या मोजल्या,
काळ्यावरची मगजी ओल्या फडक्याने पुसली,
पिवळी वाटत होती, निघाली पांढरी.
पाठीचं अस्तर उचकटलं तर आत
खडूचा सात, त्याला तिरकी रेघ.
दुसरीतही सात, तीच रेघ, तोच घाईतला हात.
ॲबिंग्डनच्या कारखान्यात कुणीतरी
जेवणाच्या सुट्टीआधी उरकलेलं काम.

जोडीच आहे, मी म्हटलं. त्रेसष्टचीच.
तो पहिल्यांदा स्टुलावर टेकला.

उजवी उलटी केली.
रुळाखाली कारखान्याची पातळ लाकडी पट्टी असते, ती होती.
तिच्याखाली आणखी एक ठोकळा,
ॲश लाकडाचा, अडीच इंच, रंधा मारलेला,
कोपरे गोल केलेले,
जिथे कुणाचा हात कधी पोचणार नव्हता.
आणि रुळावरच्या खाचा:
मागच्या साऱ्या जुन्या रंगात तशाच कोऱ्या,
स्टिअरिंगच्या अगदी जवळची तेवढी
नाण्यासारखी घासलेली.

वडील किती उंच होते?
सहा फूट दोन. चर्चच्या दारात वाकायचे.
मग ह्या सीटवर ते बसत नव्हते.

आईला गाडी येत नव्हती, तो म्हणाला.
थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला.
तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज बसला.

मी काही बोलले नाही. सुई ओवत राहिले.
आमच्या धंद्यात सगळं बसण्यावरच.
बोल्ट बसतो, कातडं बसतं, मापाचा असला तर माणूसही.
विश्वास बसायला मात्र
फोम बदलण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

मेमध्ये गाडी आली ट्रेलरवरून, गडद हिरवी,
इंजिन श्रूजबरीहून धडधाकट होऊन.
आधी मागचे बोल्ट, नुसते हाताने,
मग पुढचे. पाना सगळ्यात शेवटी.
घाई केली की रूळ तिरका होतो आणि जन्मभर कुरकुरतो.
उजवीकडचे बोल्ट लांब निघाले,
अडीच इंचांनी लांब,
आणि जमिनीतल्या भोकांत सरळ उतरले.

डावीकडे वाकले तेव्हा दिसलं:
जुनी रबरी चटई,
तिला उजव्या टाचेखाली आरपार भोक.
तिथे ब्रेक नसतो. तिथे काहीच नसतं.
रोलंडला दाखवलं. त्याने बोट घालून पाहिलं,
आणि एकदम हसला,
मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिला.
म्युरिएल, म्हणाला. तिचं नाव म्युरिएल होतं.
मंगळवारी तिला कुणीतरी शिवणाच्या क्लासला सोडायचं,
असं आम्ही समजत होतो.

ठोकळे काढू का? तुमचे गुडघे चाकाला लागतील.
नको.
चटई नवी घालू?
नको म्हटलं ना.

मग माझ्याकडे पाहून: तुमची उंची किती?
पाच फूट एक.
तो वळसा घालून डावीकडे गेला,
सीट पार मागे ढकलली, लांब पाय आत घेतले.

मी रूळ ओढला. पुढच्या खाचेत खट्ट झालं.
बाजारातून उताराने खाली,
डिनमच्या पुलाकडे ते वळण येतं, जरा जास्तच वेगात आलं,
आणि कानाकोपऱ्याने पाहिलं मी:
त्याची उजवी टाच
त्या भोकात घट्ट रुतली होती.