किती देते

मला ती नको होती. हे आधीच सांगतो,
कारण कुमुद अजून विचारते.

वरुडला भोजराज बेंड्यांच्या संत्र्याच्या शेडमध्ये गेलो होतो
म्हशीच्या कासेला सूज म्हणून.
काम झालं, हात धुतले,
तर रिकाम्या क्रेटांमागे, ताडपत्रीखाली
काहीतरी बसलेलं,
रवंथ करत असल्यासारखं.
"ते काय हाये?"
"पोराची हौस. साडेसहाशे सीसी. दोन सिलिंडर."
"दोन कायले?"
"मले काय मालूम, डाक्टर."

सव्वीस वर्षं मी शंभर सीसीवर गावं पालथी घातली.
मागे नायट्रोजनचा कॅन, पुढे गमबूट,
एका सिलिंडरनं कधी कुरकुर केली नाही.
मग दोन कशाला?
माणसं धुऱ्याच्या भांडणापायी झोपेतून उठतात, पैशापायी उठतात;
मी पहाटे तीनला उठून बसलो
एका आकड्यापायी.

पतसंस्थेतली ठेव मोडली.
कागदावर मी तिसरा मालक.
छल्ल्यात एक जास्तीची चावी, बारीक, पितळी,
ती कशाची हे भोजराजलाही ठाऊक नाही.
सीटखाली घडी घातलेली चिठ्ठी:
हिंग, दोन मीटर अस्तर, नळाचा वायसर.
अक्षर बाईचं.
एवढ्या थोरल्या गाडीवर
कुणीतरी हिंग आणायला गेलं होतं.
चिठ्ठी होती तिथेच ठेवली.

गावात शिरलो. पानठेल्यासमोर सुदाम गावंडेनं हात केला.
"किती देते?"
"पंचवीस."
"दोन्ही टाइम मिळून?"
सगळे हसले, मीही हसलो.
जन्मभर हा प्रश्न मी
गोठ्या-गोठ्याच्या दारात ऐकत आलो,
आणि जो तो थोडं वाढवूनच सांगतो.
खरं म्हणजे बावीस देते.

कुमुद चारी बाजूंनी फिरली,
बाजारात भाकड गाय बघावी तशी.
"भाजी आणाले जमंन?"
"जमंन."
"लग्नाले जाले?"
"जमंन."
"हे तं जुनीवरही जमत होतं. घेतली कायले मंग?"
मी टाकीवरची धूळ पुसत राहिलो.
धूळ नव्हती.

रात्री निजानीज झाल्यावर
अंगणात चालू केली,
बॅगेतून स्टेथोस्कोप काढला,
आणि तापायच्या आत इंजिनाला लावला.
एक ठोका. मागोमाग, किंचित लंगडत, दुसरा.
भरत आलेल्या गाईच्या उजव्या कुशीवर
नशीब असेल तर असेच दोन सापडतात,
एक संथ, एक घाईचा,
त्यांचं आपसात काही ठरलेलं नसतं.
इथे ठरलेलं होतं.
शेजारचे शामरावबुवा कुंपणापाशी आले, हातात बॅटरी.
"काय झालं तिले?"
"काई नाई. तपासून रायलो."
ते समाधानानं परत गेले.

रविवारी सालबर्डीचा रस्ता धरला.
दोन्हीकडे आंबियाची झाडं, टेकू लावलेली,
पुढे निळसर सातपुडा.
साठपर्यंत तळहातांत मुंग्या.
सत्तरला मुंग्या गेल्या.
एकाचा हिसका दुसऱ्यानं पोटात घेतला असणार.
डोंगर होता तेवढाच दूर,
हँडल दुधावरच्या सायीसारखं निवांत.
बस, एवढंच.
एवढं कळायला एवढे पैसे.
परतताना पोटभर हसू आलं,
हेल्मेटमध्ये स्वतःचंच हसू फार मोठं ऐकू येतं.

सोमवारी जुनी काढली, कॅन बांधला.
गावंडे ठेल्यावरच.
"काय डाक्टर, मोठी आटली काय?"
"नाई. दिवसाआड काढतो."

संध्याकाळी ती पितळी चावी
घरातल्या सगळ्या कुलपांना लावून पाहिली.
कपाट, कोठी, कुमुदची पेटी.
एकही उघडलं नाही.
दवाखान्यातली राहिलीत अजून.